आपले घरचे इंटरनेट खरेच स्वस्त आहे का?

सातारकर (धागाकर्ता):
अमेरिकेतला माझा भाचा घरच्या इंटरनेटसाठी दरमहा ७० डॉलर, म्हणजे जवळपास ६,००० रुपये मोजतो. आमच्या शाहूपुरीत ३० एमबीपीएसचे फायबर कनेक्शन ३९९ रुपयांत, १८ टक्के जीएसटी धरून ४७१ रुपयांत मिळते. एवढ्यावरून ‘जगात सर्वांत स्वस्त आपलेच’ असे जे सर्रास म्हटले जाते, ते मला मान्य नाही. जागतिक बँकेच्या आकड्यांनुसार २०२३ साली अमेरिकेचे वार्षिक दरडोई उत्पन्न सुमारे ८०,००० डॉलर, तर आपले सुमारे २,५०० डॉलर होते. या हिशेबाने भाच्याचे बिल तिथल्या मासिक दरडोई उत्पन्नाच्या एक टक्क्याच्या आसपास बसते आणि आपले अडीच टक्क्यांच्या वर जाते.

विश्रामबाग, सांगली:
आपला हिशेब अर्धाच आहे. कनेक्शन माणशी नसते, घरटी असते. आणि आपल्या घरात सरासरी चार-साडेचार माणसे असतात, तर अमेरिकेत अडीच. उत्पन्न घराचे धरले, की आपण दाखवलेला अडीच पटींचा फरक दीड पटीवर उतरतो. शिवाय भाच्याला अपलोडचा वेग किती मिळतो, तेही विचारून पाहा. तिथे अजूनही असंख्य घरांत टीव्हीच्या केबलवरूनच इंटरनेट येते आणि त्यात अपलोड हा डाउनलोडच्या तुलनेत अगदीच तुटपुंजा असतो; आपल्याकडच्या फायबरवर दोन्ही वेग बहुधा सारखेच मिळतात. सरासरीने सगळेच झाकले जाते, हेही खरे: तिथल्या गरीब कुटुंबांना बिलात मिळणारी दरमहा ३० डॉलरपर्यंतची सरकारी सवलत निधी संपल्यामुळे जून २०२४ मध्ये बंद झाली.

पलूसचा केबलवाला:
दोघेही बिलावरच बोलत आहात, वायरीवर कोणी बोलत नाही. आमचे दर परवडतात, कारण आम्ही रस्ता खोदत नाही; खोदाईची परवानगी, चर आणि डांबरीकरण यांचा खर्च धरला, तर ४७१ रुपयांत काहीच बसणार नाही. फायबर खांबावरून खांबावर जाते आणि कारखाने सुरू झाले, की उसाने शिगोशीग भरलेली ट्रॉली ते ओढून नेते. मग रात्री अकरा वाजता बॅटरीच्या उजेडात, केसाएवढी काच स्प्लाइसिंग मशीनमध्ये धरून जोडत बसावे लागते.

सातारकर:
माझा मुद्दा आपणच मांडलात. किंमत म्हणजे दर आणि सेवेत पडणारा खंड, दोन्ही. ब्रिटनमध्ये एप्रिल २०१९ पासून, योजनेत सामील असलेल्या कंपन्यांच्या ग्राहकाने बंद पडलेल्या सेवेची तक्रार नोंदवल्यावर कामकाजाचे दोन पूर्ण दिवस उलटूनही दुरुस्ती झाली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाची भरपाई त्याला न मागता मिळते. आमच्याकडे गेल्या पावसाळ्यात चार दिवस राउटरचा लाल दिवा पाहत बसलो आणि बिल पूर्ण महिन्याचे आले.

विश्रामबाग, सांगली:
भरपाई जरूर मागावी. मात्र ब्रिटनचा नियम घ्यायचा, तर दरही तिथलाच द्यायची तयारी हवी. चार दिवसांचे पैसे कापले, तरी आपल्या बिलातून साठ-पासष्ट रुपयेच वजा होतात.

पलूसचा केबलवाला:
तेवढे मी आजही सोडतो, कोणी मागितले तर. पण ट्रॉलीवाल्याकडून ते वसूल करायला माझ्याबरोबर कोण येणार, ते आधी ठरवा.