बेल्हार विश्वासांगीकार: अभ्यासवर्गात फक्त ऐक्याचं कलम घ्यावं का?

संघ_संयोजक
तरुण संघाच्या अभ्यासवर्गात दक्षिण आफ्रिकेचा बेल्हार विश्वासांगीकार (मंडळीतल्या वंशभेदाविरुद्ध केलेलं श्रद्धेचं जाहीर निवेदन) घ्यायचा आहे. वेळ कमी आहे. पाचपैकी फक्त दुसरं, मंडळीच्या ऐक्याचं कलम घेतलं तर चालेल का? आणि गोऱ्यांच्या डच रिफॉर्म्ड चर्चने तो अजून का स्वीकारलेला नाही?

जैतून
एकटं दुसरं कलम घेऊ नका. ऐक्य, समेट आणि न्याय (कलमं २ ते ४) एकमेकांत गुंतलेले आहेत. न्याय गाळला की 'वाद नको, एक व्हा' एवढंच उरतं आणि अन्याय सोसणाराच गप्प बसवला जातो.

पार्श्वभूमी सांगाच. १८५७ मध्ये डच रिफॉर्म्ड चर्चच्या सिनडने (चर्चचे निर्णय घेणाऱ्या सभेने) 'काहींच्या दुर्बलतेमुळे' वर्णानुसार वेगळ्या उपासनेला मुभा दिली. १८८१ मध्ये मिश्रवर्णीयांसाठी वेगळं मिशन चर्चच निघालं. सवलतीचा नियम झाला आणि नियमाला पुढे धर्मशास्त्राचा आधार शोधला गेला. त्याच मिशन चर्चने १९८२ साली हा मसुदा मांडला आणि १९८६ साली स्वीकारला.

आधी अंगीकाराला जोडलेलं पत्र वाचा. हा अंगीकार कुणा माणसांविरुद्ध नाही, खोट्या शिकवणीविरुद्ध आहे, हे त्यात स्पष्ट केलंय. मग कलमं. 'आम्ही नाकारतो' हा भाग बरेच जण कडक वाटतो म्हणून वगळतात, पण खरी धार तिथेच आहे: मंडळीच्या सभासदत्वासाठी ख्रिस्तावरील विश्वास हीच एक अट, त्यात वंश किंवा दुसरी सामाजिक बाब आणणारी शिकवण त्याज्य. सोबत योहान १७:२०-२३ आणि इफिस ४:१-६ ठेवा.

कोनशिला
दुसऱ्या प्रश्नाबद्दल. डच रिफॉर्म्ड चर्चमध्ये विश्वासाचा पाया बदलायला महासिनडबरोबरच (संपूर्ण चर्चच्या सभेबरोबरच) प्रत्येक प्रादेशिक सिनडमध्ये दोन-तृतीयांश मतं लागतात. महासिनडची तयारी होती, प्रादेशिक सिनडांत मतं पुरली नाहीत. अनेकांचा आक्षेप चौथ्या कलमाला: देव विशेषतः दीन, दरिद्री आणि अन्यायग्रस्तांचा देव आहे, हे त्यांना मुक्तीचं राजकारण वाटतं. स्तोत्र १४६ वाचलं तर तो आक्षेप टिकत नाही, असं माझं ठाम मत आहे.

वर्णानुसार वेगळ्या झालेल्या चर्चेसचं एकीकरणही सोपं गेलं नाही. १९९४ मध्ये मिशन चर्च आणि कृष्णवर्णीयांचं चर्च मिळून युनायटिंग रिफॉर्म्ड चर्च झालं. पण कृष्णवर्णीयांच्या चर्चचा काही भाग बाहेर राहिला, कोर्टात गेला आणि १९९८ साली निकाल त्याच्या बाजूने लागला. ठराव करताना घटनेतली पायरी चुकली की असं होतं. अमेरिकेत मात्र रिफॉर्म्ड चर्चने २०१० साली आणि प्रेस्बिटेरियन चर्चने (यूएसए) २०१६ साली तो स्वीकारला.

साक्षी_दीप
चर्चेत जात आणा. दुसऱ्या कलमातला 'वंश' आपल्याकडे तिथेच लागू होतो: लग्नं कुठे जुळतात, पंचायतीत कोण निवडून येतं, दफनभूमीत कोण कुठे.

ऐक्य म्हणजे सगळ्यांचं एकसारखं वागणं, असा गैरसमजही होतो. कलम म्हणतं, ऐक्य स्वातंत्र्यात हवं, सक्तीने नको; भाषा, संस्कृती, कृपादानं यांची विविधता परस्पर सेवेसाठी आहे. जवळचं उदाहरण चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचं: १९७० साली नागपुरात सहा चर्चेस एकत्र आली, तेव्हा बालबाप्तिस्मा आणि विश्वासणाऱ्यांचा (स्वतः विश्वास कबूल केल्यावरचा) बाप्तिस्मा दोन्ही पद्धती ठेवल्या.

तीन बैठका तरी काढा: पत्र आणि कलम १, मग २ आणि ३, मग ४ आणि ५. पाचवं छोटं आहे, पण अधिकाऱ्यांनी मनाई केली तरी हे पाळायचं, असं ते सांगतं. त्यासाठी अर्धा तास राखून ठेवा.