गर्दीत नेझुकोचे फोटो कसे काढायचे? कॉस्प्लेवाल्यांनो, मदत करा

लेन्सवाला_कोथरूड:
मंडळी, पुढच्या रविवारी पुण्यातच अ‍ॅनिमे कन्व्हेन्शन (जपानी कार्टूनवाल्यांचा मेळावा) आहे, माझी मावसबहीण कॉस्प्ले म्हणजे पात्राचा वेश करतेय, ‘डेमन स्लेयर’मधल्या तोंडात बांबू असलेल्या नेझुकोचा, आणि फोटोंची जबाबदारी माझ्या गळ्यात. बारशी-मुंजीचे फोटो काढलेत मी, पण हे प्रकरण वेगळं दिसतंय. मागच्या वेळचे लोकांचे फोटो बघितले तर मागे कुणाची तरी सॅक, बाजूला सँडविचचा स्टॉल, वर भलामोठा फ्लेक्स आणि मधे बिचारं कॅरेक्टर. माझ्याकडे क्रॉप (लहान) सेन्सरचा कॅमेरा, 50 एमएम 1.8 लेन्स आणि कॅमेऱ्यासोबत आलेली झूम होणारी किट लेन्स आहे, फ्लॅशही आहे पण गर्दीत तो काढू की नको कळत नाहीये. किमोनो शिवून आलाय, विग ऑनलाइन मागवलाय, तोंडातला बांबू अजून बाकी आहे. कपड्यांतलं मला शून्य कळतं, तेही सांगा.

विगवाली:
आधी किमोनोचं ऐक दादा. तिची डावी बाजू वर आली पाहिजे, उजवी खाली. उलटं नेसवतात ते जपानमध्ये मेलेल्या माणसाला, आणि कन्व्हेन्शनला हे ओळखणारे दहा जण तरी भेटतातच. डावी म्हणजे तिची डावी हं, समोरून बघणाऱ्याची नाही. आणि सेल्फीत बघून खात्री करू नका, पुढच्या कॅमेऱ्यात आरशासारखं उलटं दिसतं, मग बरोबर नेसलेलं सोडून पुन्हा चुकीचं नेसत बसाल.

विग पाकिटातून काढला की प्लास्टिकसारखा चमकतो आणि फोटोत ती चमक दुप्पट दिसते. ड्राय शॅम्पू नाहीतर थोडी टाल्कम पावडर लावून झटका, पण काळा विग आहे म्हणून अगदी चिमूटभरच, नाहीतर बाई म्हातारी दिसेल. टोकाचा केशरी भाग खांद्यावरून पुढे घ्या, मागे राहिला तर दिसतच नाही आणि अर्धी नेझुको तिथेच गेली. हीट रेझिस्टंट असं लिहिलेलं नसेल तर स्ट्रेटनर लावू नका, धागे वितळतात.

बांबूसाठी बुरुड आळीत जाऊ नका प्लीज, खरा बांबू दिवसभर तोंडापाशी धरून जबडा दुखतो. ईव्हीए फोमची (हलका, लवचीक फोम) गुंडाळी करा, हीट गनने (गरम हवेचं यंत्र) जरा तापवून बाक द्या, वर हिरवा रंग. आणि मागे बांधायच्या फितीत इलास्टिक घाला म्हणजे पाणी पिताना झटकन खाली ओढता येतं, हे फार कामाचं आहे.

उजेड_सावली:
तोंड झाकलेलं कॅरेक्टर म्हणजे सगळा अभिनय डोळ्यांत, हे पहिलं डोक्यात ठेव. हॉलमधले दिवे डोक्यावर असतात त्यामुळे डोळ्यांच्या खोबणीत काळं येतं आणि तिकडेच तुझा फोटो मरतो. फ्लॅश सोबत घेऊन जा, पण सरळ तोंडावर मारू नकोस, त्यापेक्षा स्टेशनरीच्या दुकानातून पांढरा सनबोर्ड (हलका फोमचा पुठ्ठा) घे, कुणाला तरी तो कमरेच्या उंचीला, वरच्या बाजूला तोंड करून धरायला लाव, खालून उजेड परत येतो आणि बुबुळात पांढरा ठिपका दिसतो. एवढ्याने निम्मं काम होतं, आणि सनबोर्ड धरायला गर्दीत उत्साही पोरं आपोआप मिळतात.

एलईडीखाली फोटोत आडवे पट्टे आले तर घाबरू नकोस, आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, स्वस्तातले दिवे सेकंदाला 100 वेळा कमीजास्त होतात, शटर 1/100 सेकंद ठेव, पोझ देऊन उभ्या असलेल्या माणसाला तेवढं चालतं. रॉ (रंग नंतर दुरुस्त करता येणारी फाइल) मधेच काढ, कारण एका बाजूला पिवळा दिवा, दुसरीकडे निळी स्क्रीन, त्यात गुलाबी किमोनोचं काय होईल सांगता येत नाही.

क्रॉपवर 50 ने पूर्ण उंची घ्यायला चार-सव्वाचार मीटर मागे जावं लागतं, तेवढ्यात चार माणसं मधून जातात. 50 अर्ध्या उंचीला ठेव, पूर्ण उंचीला किट लेन्सवर 35 एमएम लाव आणि कमरेच्या उंचीवरून काढ, उभ्याने काढलास तर पाय आखूड दिसतात. आणि शक्यतो गेट उघडल्या उघडल्या काढून घे, दुपारनंतर मेकअप वितळतो आणि माणूसही. बाहेर सावलीत एखादी कोरी भिंत मिळाली तर हॉलच सोड.

पेठकर_काका:
कपडे, कॅमेरा सगळं झालं, आता शिस्त. दुसऱ्या कॉस्प्लेयरचे फोटो न विचारता काढू नका. टोकियोच्या कॉमिकेटमध्ये (कॉमिक्सचा मोठा मेळावा) कॉस्प्लेसाठी वेगळी जागा असते, फोटोसाठी रांगा लागतात, आणि घरूनच कॉस्प्ले करून येऊ नका असं तिथे सांगतात, कपडे आत बदलायचे. आपल्याकडे पोरं बसमधून तलवार घेऊन येतात आणि कंडक्टर अर्धं तिकीट विचारतो. रांग लागली की वाट अडवू नका, एवढंच म्हणणं.

लेन्सवाला_कोथरूड:
काका 😄 तलवार नाहीये, बांबूच आहे. विगवाली ताई, किमोनो बघितला, उलटा नेसवला होता हो, आईने साडीच्या सवयीने. सनबोर्ड उद्या घेतो. एक विचारायचं राहिलं, फोम सील न करता (आधी छिद्रं न बुजवता) रंगवला तर चालतो का?

विगवाली:
नाही चालत, रंग शोषून घेतो आणि वाकवला की तडे जातात. हीट गनने पृष्ठभाग चकचकीत होईपर्यंत तापवा, मग फेव्हिकॉलमध्ये पाणी घालून दोन-तीन हात, प्रत्येक हात पूर्ण वाळू द्या. पावसाळी हवा असेल तर आजच रात्री सुरू करा, रविवारपर्यंत जेमतेम होईल.