मदत हवी आहे: सांगली-कोल्हापूर-कराड पट्ट्यातल्या आयईईई स्टुडंट ब्रांचेस एकत्र आणायच्यात

नमस्कार मंडळी, मी थर्ड इयरला आहे, आमच्या कॉलेजच्या आयईईई (इंजिनिअर लोकांची जागतिक संघटना) स्टुडंट ब्रांचचा, म्हणजे विद्यार्थी शाखेचा, सेक्रेटरी. आजूबाजूच्या पाच कॉलेजांना जोडून वर्षातून दोन-तीन कार्यक्रम मिळून करायचा विचार आहे, कारण एकट्याने वर्कशॉप ठेवलं की पुढच्या रांगेत आमचीच कमिटी बसलेली असते आणि पाहुण्यांना पुण्याहून बोलवायचा खर्च तोच. पण तारीखच जमत नाही राव! कुणी ऑटोनॉमस, कुणी शिवाजी विद्यापीठाचं, कुणी लोणेरेच्या बाटूचं (डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ), एकाची परीक्षा संपते तेव्हा दुसऱ्याची सुरू. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढलाय, त्यात गुड मॉर्निंग सोडून काही येत नाही.

दुसरं म्हणजे मेंबरशिप जानेवारी ते डिसेंबर आणि आमच्या कमिट्या बदलतात जुलैत, त्यामुळे डिसेंबरात रिन्यूअलच्या मागे लागायला कुणी जुनं माणूस उरत नाही. मागच्या सेक्रेटरीने मला फक्त एक बॅनर आणि अर्धवट एक्सेल दिली.

कुणी असं नेटवर्क चालवलंय का? पैसे कुठल्या ब्रांचच्या खात्यात ठेवलेत, प्रत्येक कॉलेजच्या काउन्सेलर सरांना (ब्रांच बघणारे प्राध्यापक) आधी भेटायचं की थेट सेक्शनला (आयईईईची आपल्या भागाची वरची शाखा) मेल टाकायचा? आणि कार्यक्रमाचा रिपोर्ट व्हीटूल्सवर (आयईईईची ऑनलाइन सिस्टीम) कुणी भरायचा, यजमान ब्रांचने की सगळ्यांनी? प्लीज सांगा.