मदत हवी आहे: पहिल्या वर्षाचं फिजिक्स प्रॅक्टिकल, मुलं उत्तरावरून रीडिंग काढतात

सातरस्ता

नमस्कार मंडळी. सोलापुरातल्या एका कॉलेजात यंदापासून सीएचबीवर (तासिका तत्त्वावर) फिजिक्स शिकवतेय. बी.एस्सी. पहिल्या वर्षाची प्रॅक्टिकल माझ्याकडे आली आहेत. २ क्रेडिट, म्हणजे कागदावर ६० तास, आठवड्याला ४ तासांची एक बैठक. कागदावर अशासाठी म्हटलं की या सत्रात गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) सुट्ट्या सरल्याशिवाय बॅच काही पूर्ण भरत नाही. बॅच वीसजणांची. बार पेंड्युलमचे दोन सेट, पॉइझेलचा (पाण्याचा चिकटपणा मोजायचा) एक, फ्लायव्हील एक, स्पेक्ट्रोमीटर दोन पण एकाचा स्क्रू फिरतच राहतो.

अडचण सामानाची नाही, सामान मी भागवून नेईन. सीनियरांची जर्नलं खाली आलेली असतात, त्यामुळे प्रयोग लावायच्या आधीच मुलांना उत्तर पाठ. परवा बार पेंड्युलमवर (यात झोक्याच्या वेळेवरून जी, म्हणजे गुरुत्वत्वरण काढतात) एक मुलगा २० दोलनांचा वेळ घेत होता. स्टॉपवॉचवर ३०.७ आले, त्याने पेन्सिलीने ३०.७ लिहिले, कॅल्क्युलेटर काढला, खोडरबर काढला आणि तिथे ३०.५ केलं. मी विचारलं, हे काय? तर अगदी सरळ चेहऱ्याने म्हणाला, "मॅडम, ९६७ येत होतं. आता ९८० येतंय." लपवण्यासारखं आपण काही केलंय असं त्याच्या मनातही नव्हतं.

रागावून उपयोग नाही हे कळतंय. पण लॅब चालवायची कशी, म्हणजे मुलांना खरं रीडिंग लिहिणं परवडेल? दुसरं, आमच्याकडे पहिल्या दिवसापासून रोटेशन असतं, म्हणजे प्रत्येक जोडीला वेगळा प्रयोग आळीपाळीने, त्यामुळे काही जोड्यांना वर्गात न शिकवलेला प्रयोग आधी येतो. रोटेशन मोडून सगळ्यांना एकच प्रयोग द्यावा का? अनुभवी लोकांनी सांगावं.

निवृत्त_पण_लॅबमध्ये

मॅडम, आधी त्या मुलाचं ३०.७ त्याला परत द्या. ते बरोबर होतं.

जी म्हणून पाठ असलेला ९८१ (सेंमी प्रति सेकंद वर्ग) हा आकडा लंडन-पॅरिसकडचा. प्रमाण म्हणून ठरवलेली किंमत ९८०.६६५, तीही ४५ अक्षांशाच्या आसपासची. सोलापूर १७.७ अंशांवर, वर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटर. पृथ्वी विषुववृत्ताकडे फुगलेली आणि तिथे फिरण्याचा वेगही जास्त, म्हणून आपल्याकडे जी कमी. सूत्रात अक्षांश आणि उंची घालून बघा, ९७८.४ येतं. म्हणजे ज्या जर्नलात नेमकं ९८१.० लिहिलंय ते पोरगं एक तर फार नशीबवान किंवा फार हुशार.

आता चूक किती पडू शकते ते बघू. हाताने स्टॉपवॉच दाबताना ०.२ सेकंद इकडेतिकडे होणारच. ३०.७ मध्ये ०.२ म्हणजे ०.६५ टक्के. सूत्रात टीचा, म्हणजे एका दोलनाच्या वेळेचा, वर्ग आहे, म्हणून जी मध्ये दुप्पट, १.३ टक्के, म्हणजे साधारण १३. त्याचं उत्तर ९६७ अधिक-उणे १३. यात ९७८ आरामात बसतं. खोडरबर वापरायची गरजच नव्हती, ही गोष्ट त्याला फळ्यावर करून दाखवा. बाकी भाषण नको.

अजून एक. कधी कुणाचं १०८०च्या घरात आलं तर तो पहिल्या झोक्याला "एक" म्हणून घड्याळ सुरू करतोय. "शून्य" म्हणायला हवं. "एक"पासून वीसपर्यंत गेलं की दोलनं होतात १९ आणि भागतो आपण २० ने. अशी चूक मला तरी आवडायची, कारण ती शोधता येते. मॅनेज केलेल्या वहीत शोधायला काही उरतच नाही.

बसस्टॉप_मोहोळ

मी स्टुडंट आहे मॅडम, आता सेकंड इयरला. खरं सांगू का, आम्ही लै विचार करून काही करत नाही. उत्तर लांब आलं की सर म्हणायचे परत कर. परत केलं की पाचची एसटी गेली. मग सातला घरी. त्यापेक्षा दोन आकडे बदलले की सही मिळते. तुम्ही सही कशावर करता ते बघा एकदा, रिझल्टवर का रीडिंगवर. पोरं तेच बरोबर करून देतात ज्यावर सही मिळते.

सातरस्ता

@बसस्टॉप_मोहोळ, हे इतकं थेट कुणी सांगितलं नव्हतं, थँक्यू रे. सही अर्थातच रिझल्ट बघून करायची पद्धत आहे, मला तशीच मिळाली.

@निवृत्त_पण_लॅबमध्ये सर, ९७८चं गणित आज करून बघितलं, जमलं. पण मग पॉइझेलचं काय? ते तर नेहमीच चुकतं. मागच्या आठवड्यात दोन जोड्यांना पाण्याची व्हिस्कॉसिटी (चिकटपणा) ०.००७५ पॉइझ आली. जर्नलात स्टँडर्ड व्हॅल्यू ०.०१. पंचवीस टक्के एरर म्हटल्यावर पोरी रडकुंडीला आल्या.

निवृत्त_पण_लॅबमध्ये

पाणी कुठलं घेतलं? गच्चीवरच्या टाकीचं ना? मार्च महिन्यात, दुपारच्या बॅचला?

०.०१ पॉइझ ही २० अंश सेल्सिअसची किंमत. ३० अंशांना ०.००८०, ३५ला ०.००७२. सोलापूरच्या टाकीत पाणी वीस अंशांवर मिळालं तर मला फोन करा, मी बघायला येतो. पोरींचं उत्तर ३३ अंशांच्या पाण्यासाठी चोख आहे. वहीत तापमानाचा रकानाच नसतो ही खरी अडचण. बीकरमध्ये थर्मामीटर टाका, प्रयोगाआधी आणि नंतर दोन्ही वेळा वाचा.

तरीही लांब आलं तर पाणी ज्या बारीक नळीतून वाहतं त्या केशनलिकेची त्रिज्या तपासा. सूत्रात तिचा चौथा घात आहे, म्हणजे त्रिज्येत १ टक्का चुकलं की उत्तरात ४ टक्के. ट्रॅव्हलिंग मायक्रोस्कोपवर व्यास आडवा आणि उभा असा दोन्हीकडून घ्यायला लावा. बहुतेक मुलं एकदाच आडवा घेतात आणि मोकळी होतात.

पेनानेच_लिहा

मीही शिकवते, जिल्ह्यातच. आमच्याकडे जे चालतं ते सांगते, पटेल ते घ्या.

लॅबमध्ये पेन्सिल फक्त ग्राफला. रीडिंग रफ वहीत पेनाने, चुकलं तर एक आडवी रेघ, खालचा आकडा दिसला पाहिजे. निघताना मी ऑब्झर्व्हेशन टेबलवर सही करते, तारीख आणि वेळ घालून. उत्तर त्या दिवशी विचारतच नाही. कॅल्क्युलेशन घरून. त्यामुळे एसटीचा प्रश्नही बराचसा सुटतो. उत्तर ९५० आलं तरी चालेल, पण ते का आलं यावर दोन ओळी हव्यात, त्याला मार्क वेगळे. "ह्यूमन एरर" लिहिलं तर शून्य. पंखा चालू होता, झोका मोठा दिला, नाइफ-एज (लंबक टेकतो ती धार) घसरत होती, असं काहीतरी डोळ्यांनी बघितलेलं लिहा. सुरुवातीला मुलं कुरकुरतात, मग सवय होते.

रोटेशनचं म्हणाल तर ते पूर्ण मोडू नका, सेट पुरणार नाहीत. पण पहिल्या दोन बैठका सगळ्यांना सारख्या द्या. एका बैठकीत व्हर्निअर आणि स्क्रूगेज, झिरो एररसकट (उपकरण शून्यावरच जेवढं चुकतं ते). दुसरीत छताला एकच साधा लंबक टांगा आणि विसाच्या वीस जणांना त्याच २० दोलनांचा वेळ स्वतंत्रपणे घ्यायला लावा, शेजाऱ्याला न दाखवता. सगळे आकडे फळ्यावर. वीसच्या वीस सारखे येतच नाहीत. कुणाचंच चुकलेलं नाही आणि तरी आकडे वेगळे, हे त्यांना तिथे पहिल्यांदा दिसतं. त्यानंतर अधिक-उणे म्हणजे काय हे शिकवायला पाच मिनिटं लागतात, एरवी तासभर जातो. मोबाइलवर फायफॉक्स ॲप आहे, फुकट आहे, त्यातल्या स्टॉपवॉचशी ताडून बघायला मुलांना मजा येते. पण आधी हाताने.

जोडीत एक घेणार आणि एक लिहिणार, अर्ध्यावर अदलाबदल. नाहीतर हुशार मुलगा सगळं करतो आणि दुसरा सुंदर अक्षरात लिहितो.

अनुभवी_चिमटा

सगळं छान. आता परीक्षेला एक्स्टर्नलसमोर (बाहेरच्या परीक्षकासमोर) ९६७ ठेवून बघा. "व्हॅल्यू आली नाही" म्हणून तोच दोन मार्क कापेल. सीएचबीच्या मॅडमनी मुलांचं नुकसान करून घेऊ नये, एवढंच म्हणणं.

पेनानेच_लिहा

@अनुभवी_चिमटा, भीती खोटी नाही, असे एक्स्टर्नल मी बघितलेत. पण मॅनेज केलेल्या मुलाला व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) विचारा, तुझा लीस्ट काउंट (उपकरणावर मोजता येणारं सर्वांत लहान माप) किती? तिथेच तो अडकतो. आम्ही लॅबच्या भिंतीवर कागद लावलाय: या ठिकाणी जी ९७८.४, पाण्याची व्हिस्कॉसिटी २५, ३०, ३५ अंशांना अमुक, खाली एचओडी (विभागप्रमुख) सरांची सही. एक्स्टर्नल आले की मुलं तिकडे बोट दाखवतात. वाद होत नाही, सहीचा कागद आहे म्हटल्यावर.

बसस्टॉप_मोहोळ

व्हायव्हा मराठीतून घ्या मॅडम. घरी तेलुगू, शाळेत मराठी, इथे एकदम इंग्लिश. आमच्या बॅचला एकाला सगळं येत होतं, "पिरियड" शब्दावर अडकला. मॅडमनी "एका झोक्याला लागणारा वेळ" म्हटलं असतं तर त्याने घडाघडा सांगितलं असतं.

सातरस्ता

सगळ्यांचे आभार. ठरवलं ते असं: येत्या गुरुवारी लंबक टांगते, छताला हूक आहे, मामांना शिडी आणायला सांगितलीय. उशीर झालाय, पण एक बैठक खर्च झाली तरी चालेल. पॉइझेलच्या टेबलमध्ये तापमानाचा रकाना आजच वाढवला. त्या दोन जोड्यांच्या वह्या मागवून घेतल्या आहेत, त्यांनी व्हॅल्यू बदलायच्या आत. भिंतीवरच्या कागदावर सही द्यायला आमचे एचओडी सर तयार आहेत, फक्त म्हणाले, गणित मला दाखवा आधी. मराठी व्हायव्हाचं माझ्यापुरतं मी इंटर्नलला करू शकते, तेवढं करते.

एकच राहिलं. स्पेक्ट्रोमीटरला सोडियम लॅम्प मुलं गरम व्हायच्या आधीच बंद करतात आणि परत लावतात. लाल दिसतो म्हणून बिघडलाय असं वाटतं त्यांना. यावर काही उपाय?

निवृत्त_पण_लॅबमध्ये

बॅच यायच्या पंधरा मिनिटं आधी मामांना लावायला सांगा आणि स्विचवर पट्टी चिकटवा. आधी आतला निऑन पेटतो म्हणून लाल, सोडियमची वाफ झाली की पिवळा. आणि तो फिरत राहणारा स्क्रू कुठला ते लिहा. टेलिस्कोपचा क्लॅम्प असेल तर घरी दुरुस्त होतो.