जंगलवाटेसाठी जुनी स्टेशन वॅगन: आधी उंची वाढवावी की आधी गाडी पूर्ववत करावी?

रानवाट (मूळ लेखन)
मुक्कामी भटकंतीसाठी चारही चाकांना ताकद देणारी जुनी स्टेशन वॅगन (मागे सामानाची लांब जागा असलेली मोटार) घ्यायची आणि पहिला खर्च तिची जमिनीपासूनची उंची वाढवण्यावर करायचा, ही पद्धत मला चुकीची वाटते. पहिला खर्च गाडी कारखान्यातून निघाली तशी करण्यावर आणि दुसरा टायरवर व्हावा. उंचीचा विचार त्यानंतर करावा.

या वर्गातल्या प्रत्येक गाडीचे दुखणे ठरलेले आहे. सुबारू आउटबॅकच्या जुन्या २.५ लिटर इंजिनात हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनच्या वरच्या व खालच्या भागांमधली सीलपट्टी, गळते. शिवाय त्यातला टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्ह वेळेवर उघडझाप करवणारा पट्टा) तुटला तर व्हॉल्व्ह वाकून इंजिनच उघडावे लागते, त्यामुळे बेल्ट कधी बदलला याची नोंद नसेल तर तो बदललेलाच नाही असे धरून चालावे. ऑडीच्या पहिल्या ऑलरोडमध्ये स्प्रिंगऐवजी हवेच्या पिशव्या आहेत आणि वय झाले की त्या गळतात. व्हॉल्वोच्या व्ही७० क्रॉस कंट्रीत मागच्या चाकांना ताकद पोचवणारी यंत्रणा असमान झिजलेल्या टायरांमुळे खराब होते. म्हणून खरेदीच्या वेळी चारही टायर एकाच मापाचे व सारखे झिजलेले आहेत ना, हे मी रंगाच्या आधी पाहतो. सस्पेन्शन (चाकांचे धक्के झेलणारी यंत्रणा) जिथे पत्र्याला जोडलेले असते तिथे गंज असेल, तर ती गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये.

पानेपकड
आपली खरेदीची यादी मान्य आहे, निष्कर्ष मान्य नाही. देखभाल करायचीच असते, तो वादाचा विषय होऊ शकत नाही. वॅगनची खरी अडचण तिच्या आकारात आहे. मागच्या चाकांच्या मागे बराच भाग लोंबता असतो, त्यात सामान भरले की थकलेल्या स्प्रिंग आणखी दबतात आणि कागदावर १८५ मिलिमीटर असलेला ग्राउंड क्लिअरन्स (गाडीचे पोट आणि जमीन यांतले अंतर) प्रत्यक्षात पुष्कळ कमी उरतो. अशा गाडीचे चेंबर (इंजिनखालचे ऑइलचे भांडे) एका दगडावर फुटले, तर नव्या गॅस्केटचा काय उपयोग? २५ ते ३० मिलिमीटरची वाढ, अधिक कडक स्प्रिंग आणि चेंबरखाली अॅल्युमिनियमची जाड स्किड प्लेट (दगडांपासून वाचवणारा पत्रा) ही माझ्या मते चैन नसून जंगलात शिरण्याची पूर्वअट आहे.

रानवाट
स्किड प्लेटबद्दल आपण बरोबर आहात, ती मी टायरच्या बरोबरीने ठेवतो. कडक स्प्रिंगही योग्यच, कारण त्यांनी गाडी भाराखाली मूळ उंचीवर राहते. माझा आक्षेप मूळ स्प्रिंगवर ठोकळे ठेवून मिळवलेल्या उंचीला आहे. तिने चाकांना ताकद पोचवणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टच्या सांध्यांचा कोन वाढतो, त्यांवरची रबरी आवरणे (बूट) लवकर फाटतात, चाकांचे अलाइनमेंट (सरळ रेषेतली मांडणी) बिघडते आणि चाक खाली जाण्याची मोकळीक कमी झाल्याने खड्ड्यात ते लवकर अधांतरी होते.

मोठ्या टायरचाही हिशेब मांडून पाहावा. २२५/६० आर१६ (मिलिमीटरमधली रुंदी, तिच्या टक्क्यांत बाजूची उंची आणि इंचांतले रिम) च्या जागी २२५/६५ आर१६ बसवले तर व्यास सुमारे २२ मिलिमीटरने वाढतो, पण गाडी त्याच्या निम्मीच, म्हणजे ११ मिलिमीटर उचलली जाते. वेगाचा काटा १०० दाखवील तेव्हा खरा वेग आधीपेक्षा सुमारे ३ टक्के जास्त असेल. म्हणून मी मोठ्या मापापेक्षा मजबूत बाजूंच्या टायरला आणि पूर्ण मापाच्या स्टेपनीला महत्त्व देतो. खडीच्या वाटेवर थोडी हवा कमी करावी आणि डांबरी रस्त्याला लागताना परत भरता यावी म्हणून छोटा कंप्रेसर जवळ असावा. हवा कमी केल्याने पकड आणि आराम दोन्ही वाढतात, आणि गाडीला भोकही पाडावे लागत नाही.

मुक्कामी
तुम्ही दोघे गाडीच्या पोटाखाली पाहता आहात, मला टपाची काळजी अधिक वाटते. टपावरचा तंबू साधारण ५० ते ७० किलोचा असतो आणि धावत्या वॅगनच्या टपाची मर्यादा बहुधा ७५ ते १०० किलो असते. त्यात रॅकचे वजनही धरायचे असते. (उभ्या गाडीवर माणसे झोपू शकतात, ती मर्यादा वेगळी.) गाडी आधीच उचललेली असेल तर एका बाजूला कललेल्या वाटेवर हे वजन तिला कलंडवू पाहते. मागची सीट पाडून आत झोपता येणे हाच तर वॅगनचा मोठा गुण. तो सोडून टपावर घर बांधणे मला पटत नाही.

चढणवाट
मग वॅगनच का? शिडीसारख्या चौकटीवर बांधलेल्या जुन्या जीपगाडीत लो रेंज गिअर असतो, म्हणजे गाडी अगदी हळू पण जोराने चालवणारी आणि उतारावर इंजिननेच रोखून धरणारी जादा गिअरजोडी. लांब, तीव्र उतारावर तो नसेल तर बराचसा भार ब्रेकवर येतो आणि भरलेल्या गाडीचे ब्रेक तापून निकामी होऊ लागतात. साध्या बदलांनी वॅगनमध्ये हा गुण आणता येत नाही.

रानवाट
बहुतेक वॅगनच्या बाबतीत हे खरे आहे, मात्र काही देशांत विकल्या गेलेल्या हाताच्या गिअरच्या सुबारूंना लो रेंज होता आणि तशी गाडी सापडली तर ती आधी घ्यावी. बाकीच्यांनी दगडी, उभ्या उताराच्या वाटा सोडून द्याव्यात. वनखात्याच्या कच्च्या रस्त्यांवर मुक्कामाला जाणाऱ्याचे बहुतांश अंतर डांबरी रस्त्यावरच कापले जाते आणि तिथे वॅगन कमी इंधनात, अधिक स्थिर चालते.

पानेपकड
ठोकळ्यांबाबत मी माघार घेतो, स्प्रिंगबाबत नाही: भार नसतानाही २५ मिलिमीटर उंच राहणाऱ्या स्प्रिंग मी घेईनच. स्किड प्लेट बसवणाऱ्यांनी मात्र एक गोष्ट पाहावी. तिच्यावर सुके गवत साचते आणि वरून सायलेन्सरचा तापलेला नळ जात असतो, म्हणून ऑइल काढण्यापुरते भोक पुरत नाही. हाताने गवत ओढून काढता येईल एवढी फट हवी, आणि गवताळ वाटेवर दर थांब्याला ती तपासायला हवी.