शब्दचर्चा : कवटीतला दाब, रोपण आणि पासंग

प्रश्न
भाचीच्या इंजिनिअरिंगच्या प्रोजेक्टचा सारांश मराठीत लिहून देतोय. मेंदूला सूज आली की कवटीतला दाब वाढतो. तो मोजायला तांदळाच्या दाण्याएवढा सेन्सर आत बसवायचा, असा विषय. 'प्रत्यारोपित संवेदक' बरोबर आहे का? आणि दाब की दबाव?

प्रतिसाद
दाबच. रक्तदाब म्हणतो आपण, रक्तदबाव नाही. दबाव मंत्र्यावर येतो. 'मेंदूवरचा ताण' तर नकोच, वाचणाऱ्याला बोर्डाची परीक्षा आठवेल.
प्रत्यारोपण म्हणजे एकाचं मूत्रपिंड दुसऱ्याला. सेन्सर कुणाच्या डोक्यातून काढून आणलेला नाही. नुसतं रोपण पुरे, दंतरोपण रुळलेलं आहेच.

प्रतिसाद
पण रोप मूळ धरतं, वाढतं. अमेरिकी शास्त्रज्ञ जॉन रॉजर्स यांच्या गटाने २०१६ मध्ये उंदरांवर वापरून दाखवलेले सेन्सर तर काम झाल्यावर शरीरातच विरघळणारे होते. त्याला कसलं रोपण? मी 'विरघळणारा सेन्सर' एवढंच लिहीन, विरघळणारे टाके म्हणतो तसं. 'संवेदक'ही नको, सेन्सर सगळ्यांना कळतो.

प्रश्नकर्ता
पटलं. आता 'ड्रिफ्ट'चं सांगा. आत गेल्यावर दिवसागणिक आकडा आपोआप थोडा थोडा सरकतो, दाब तोच असला तरी. 'विचलन' लिहिलं, पण भाचीलाच कळेना.

प्रतिसाद
पासंग! ('पासंगालाही पुरत नाही' मधला.) रिकामी पारडी सारखी नसली की वाणी हलक्या बाजूला खडा बांधायचा, तो पासंग. सेन्सरही आत घालण्याआधी बाहेरच्या हवेच्या दाबावर शून्याला आणतात, म्हणजे पासंग काढतात. एकदा डोक्यात गेला की पारडं पुन्हा रिकामं मिळत नाही. त्यात सेन्सरच्या पातळ पडद्यातून ओलावा शिरतो, वरून ऊतींचा थर चढतो, आणि शून्य हलतं. एवढासा सेन्सर बनवण्यातली खरी डोकेदुखी हीच. निरोगी प्रौढ माणूस आडवा असताना हा दाब साधारण ७ ते १५ मिलिमीटर पारा असतो. डोक्याला जबर मार लागलेल्याचा २२ च्या वर गेला की उपचार करावेत, असं २०१६ ची अमेरिकी मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. त्यात पाचाचा पासंग म्हणजे केवढा! 'पासंग सरकणे' लिहा.

प्रश्नकर्ता
लिहिलं. भाचीचा लगेच मेसेज : "मामा, पासंग म्हणजे?"