मदत हवी आहे: स्वच्छ ऊर्जेचे आकडे एकमेकांशी जुळतच नाहीत, प्रबंधात कोणते घेऊ?

मंडळी, एरवी मी इथे नुसती वाचून जाते. आज अगदी गळ्याशी आलं म्हणून धागा काढते आहे.

अर्थशास्त्रात एम.ए. करते आहे. प्रबंधाचा विषय आहे स्वच्छ ऊर्जेकडे होणारं संक्रमण आणि त्याचा वेग हवामानाच्या उद्दिष्टांना पुरेसा आहे का. विषय कुणी गळ्यात मारलेला नाही, मीच हौसेने मागून घेतला, त्यामुळे रडायलाही तोंड नाही. वाचन बरंच झालंय. आढाव्याचं प्रकरण लिहायला बसले आणि पहिल्याच तक्त्यावर गाडी अडली.

अडचण एक. २०१९ साली जगाच्या प्राथमिक ऊर्जेत (म्हणजे वीज वगैरे करण्याआधी मूळ स्रोतातून घेतलेल्या एकूण ऊर्जेत) जलविद्युत आणि अणुऊर्जा यांचा वाटा किती, एवढी साधी ओळ भरायची होती. आयईएच्या (आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या) आकडेवारीत अणुऊर्जा सुमारे ५ टक्के आणि जलविद्युत सुमारे २.५ टक्के. बीपी या तेल कंपनीच्या २०२० सालच्या सांख्यिकी आढाव्यात अणुऊर्जा ४.३ टक्के आणि जलविद्युत ६.४ टक्के. थोडाफार फरक समजू शकते, पण इथे कोण मोठं आणि कोण लहान हेच उलटं झालंय! वर्ष तेच, जग तेच.

अडचण दोन. तापमानवाढ १.५ अंशांवर रोखायची तर २०३० पर्यंत उत्सर्जनात किती कपात हवी? एका ठिकाणी ४५ टक्के, दुसरीकडे ४३, तिसरीकडे ४८. तिन्ही ठिकाणी आधार आयपीसीसीचाच (हवामानबदलावरचं संयुक्त राष्ट्रांचं शास्त्रीय मंडळ).

अडचण तीन ही खरं तर अडचण नाही, माझा निष्कर्ष आहे, पण गाईडने त्याच्याशेजारी लाल पेनाने नुसतं एक प्रश्नचिन्ह काढून कागद परत दिलाय. मी लिहिलं होतं: १.५ अंशांसाठी उरलेलं कार्बन बजेट (म्हणजे ती मर्यादा न ओलांडता अजून किती उत्सर्जन करता येईल) ५०० गिगाटन, वार्षिक उत्सर्जन १० गिगाटन, म्हणजे हाताशी ५० वर्षं आहेत. यात काय चुकलं?

शिवाय आयपीसीसीच्या सहाव्या अहवालात १.५ अंशांच्या गटात जे ९७ सिनॅरिओ (संगणकी मॉडेलांनी रेखाटलेले भविष्याचे मार्ग) आहेत त्यांची सरासरी काढून 'बहुधा असं घडेल' असं लिहायचा विचार आहे. चालेल ना?

मी अभियांत्रिकीची नाही, तेव्हा जरा सोप्यात सांगा. आणि 'गूगल करा' म्हणू नका, त्यानेच ही वेळ आणली आहे.

प्रतिसाद: उंटावरचा

सोपा उपाय सांगतो. एकच संस्था धरा, तिचेच आकडे वापरा, बाकीचे अहवाल वाचलेच नाहीत असं समजा. निम्मे प्रबंध असेच होतात.

प्रतिसाद: ताळेबंद

उंटावरच्यांचा सल्ला ऐकलात तर तोंडी परीक्षेत पहिल्याच प्रश्नाला अडकाल. एकच संस्था धरायला हरकत नाही, पण ती कशी मोजते ते माहीत हवं.

आधी अडचण एक. कोळशाच्या बाबतीत प्राथमिक ऊर्जा मोजणं सोपं आहे: जाळलेल्या कोळशात जेवढी उष्णता तेवढी प्राथमिक ऊर्जा. त्यातली साधारण एक तृतीयांश ते चाळीस टक्के वीज होते, बाकी धुराड्यातून आणि थंड करायच्या पाण्यातून जाते. पण धरणातून पडणाऱ्या पाण्याची 'उष्णता' किती धरायची? वाऱ्याची, उन्हाची? इथे निसर्ग काही सांगत नाही, हिशोब लिहिणाऱ्याने नियम ठरवायचा असतो. आणि प्रत्येकाने आपापला ठरवलाय.

आयईए म्हणते, जल, वारा, सौर यांची जेवढी वीज तेवढीच प्राथमिक ऊर्जा. अणुभट्टीत मात्र आधी उष्णता तयार होते, म्हणून तिथे ३३ टक्के कार्यक्षमता धरून वीज गुणिले तीन. बीपीचा नियम वेगळा होता: ही वीज औष्णिक केंद्रात करायची तर किती इंधन लागलं असतं, ते मोजा. म्हणजे जल, वारा, सौर, अणू सगळ्यांना सारखाच, साधारण ४० टक्के कार्यक्षमतेचा भागाकार.

आता तुमच्याच ओळीवर करून बघू. २०१९ मध्ये जलविद्युत सुमारे ४,२२० टेरावॅट-तास आणि अणुवीज सुमारे २,८००. म्हणजे प्रत्यक्ष वीज पाण्याची दीडपट, हे आधी मनात पक्कं करा. एक टेरावॅट-तास म्हणजे ०.००३६ एक्साज्यूल (दोन्ही ऊर्जेचीच एककं).

आयईए पद्धत: जल १५.२ एक्साज्यूल. अणू १०.१ भागिले ०.३३, म्हणजे ३०.५. एकूण जागतिक ऊर्जा सुमारे ६०६. वाटा २.५ आणि ५ टक्के.

बीपी पद्धत: जल १५.२ भागिले ०.४०४, म्हणजे ३७.६. अणू २४.९. एकूण ५८४. वाटा ६.४ आणि ४.३ टक्के.

दोन्ही तक्ते बरोबर. एकाही टर्बाइनची एक फेरी कमीजास्त झालेली नाही.

एकूण बेरीजही वेगळी आहे हे दिसलं असेल. चुलीत जाळायचं लाकूडफाटा, शेण्या असलं पारंपरिक इंधन आयईए मोजते, बीपीच्या आढाव्यात ते नव्हतं. (तो आढावा २०२३ पासून एनर्जी इन्स्टिट्यूट काढते, संदर्भ देताना नावाचा घोळ करू नका.) आयपीसीसीची तिसरीच तऱ्हा: तिथे अणुविजेलाही गुणाकार नाही, जेवढी वीज तेवढीच ऊर्जा.

तुमचा विषय संक्रमणाचा वेग आहे, म्हणून यावर एवढा वेळ घालवला. 'जगाची ८० टक्के ऊर्जा अजून जीवाश्म इंधनातून येते, तेवढी सगळी सौर-वाऱ्याने भरून काढायची म्हणजे अशक्यच' हा युक्तिवाद तुम्ही कुठेतरी वाचला असेलच. त्यातली गफलत याच नियमात आहे. पेट्रोलच्या गाडीत इंधनातल्या ऊर्जेचा पाचवा-चौथा हिस्साच चाकापर्यंत पोचतो. विजेच्या गाडीत घेतलेल्या विजेचा तीन चतुर्थांशाहून जास्त. जी उष्णता नुसतीच वाया जात होती तिची भरपाई कुणीच करायची नसते. तेव्हा प्राथमिक ऊर्जेच्या वाट्यावरून वेग मोजूच नका असं माझं स्पष्ट मत आहे. वीजनिर्मितीतला वाटा घ्या, आणि अंतिम वापरात (घरं, गाड्या, कारखाने प्रत्यक्ष वापरतात त्या ऊर्जेत) विजेचा वाटा किती वाढला ते घ्या. दुसरा आकडा जगभरात अजून साधारण २० टक्क्यांवर रेंगाळलाय. खरी रखडपट्टी तिथे आहे, आणि त्यावर कमी लिहिलं जातं.

प्रतिसाद: मूकवाचक

वरचा प्रतिसाद उत्तम. अडचण दोन मी घेते, ती छोटी आहे. तिन्ही आकडे खरे आहेत, फक्त 'कशाच्या तुलनेत' आणि 'कशाची' हे गळून पडलंय.

४५ टक्के हा आयपीसीसीच्या २०१८ च्या विशेष अहवालातला: फक्त कार्बन डायऑक्साइड, २०१० च्या तुलनेत. ४३ आणि ४८ सहाव्या मूल्यांकन अहवालातले, दोन्ही २०१९ च्या तुलनेत. ४३ सगळ्या हरितगृह वायूंची मिळून, ४८ फक्त कार्बन डायऑक्साइडची. मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड तितक्या झपाट्याने खाली येत नाहीत, म्हणून सगळे वायू धरले की टक्का उतरतो. 'नेट झिरो'चंही तेच, कार्बनचं की सगळ्या वायूंचं ते लिहिल्याशिवाय सालाला अर्थ नाही.

ताई, तक्त्यात 'टक्के' शेजारी दोन रकाने वाढवा: वायू आणि आधारवर्ष. मी माझ्या वेळी केले नव्हते. व्हायव्हात कबूल करावं लागलं.

धागाकर्ती

ताळेबंद, मूकवाचक, दोघांना दंडवत. आयईए-बीपीचा हिशोब स्वतः एक्सेलमध्ये मांडून पाहिला, दशांशापर्यंत जुळला! दोन दिवस मी 'कोण खोटं बोलतंय' असं शोधत बसले होते.

पण ते प्रश्नचिन्ह अजून तसंच आहे. ५०० भागिले १० बरोबर ५० यात मला तरी चूक दिसत नाही.

प्रतिसाद: ताळेबंद

भागाकार बरोबरच आहे, पण तुम्ही रुपयांना डॉलरने भागताय.

५०० गिगाटन हे कार्बन डायऑक्साइडचं वजन आहे. १० गिगाटन हे नुसत्या कार्बनचं. कार्बनचा अणुभार १२, कार्बन डायऑक्साइडचा रेणुभार ४४, म्हणून ४४ भागिले १२, म्हणजे ३.६७ ने गुणायचं. दहाचे झाले सदतीसच्या आसपास. कार्बनचक्रावर काम करणारी मंडळी कार्बनमध्ये लिहितात, धोरणवाले डायऑक्साइडमध्ये. तुम्ही दोघांचे पेपर शेजारी ठेवलेत, बाकी काही नाही.

त्यात जंगलतोड वगैरेचं उत्सर्जन मिळवा, वर्षाला चाळीसच्या आसपास जातं. आणि ५०० हा आकडा १.५ अंशांखाली राहण्याच्या ५० टक्के शक्यतेसाठी आहे. ६७ टक्के शक्यता हवी तर ४००. दोन्ही २०२० च्या सुरुवातीपासून मोजलेले, आजपासून नव्हे. २०२० ते २०२४ या पाच वर्षांतच त्यातले दोनशेच्या आसपास खर्च झाले. तुमची ५० वर्षं किती उरली ते तुम्हीच काढा.

प्रतिसाद: उंटावरचा

बघा, एकच संस्था धरली असती तर हे झालं नसतं. :)

आता गंभीरपणे. ९७ सिनॅरिओंची सरासरी काढू नका. ती ९७ माणसांची पाहणी नाही. मोजक्या मॉडेलांमधून निघालेले बरेच सिनॅरिओ आहेत, एकाच गटाने दहा पाठवले तर सरासरी तिकडे झुकणार. त्यात हे अंदाज नाहीतच: '१.५ अंशांत राहायचंच असेल तर काय करावं लागेल' असं विचारून उलट दिशेने काढलेली उत्तरं आहेत. 'बहुधा असं घडेल' हे वाक्य त्यावर बसत नाही. पल्ला द्या, किमान ते कमाल, आणि टोकाचे दोन-चार उघडून बघा. बहुतेक वेळा हवेतला कार्बन शोषून घेण्यावर कोण किती भिस्त ठेवतो यावरच सगळा फरक निघतो.

आणि मॉडेलांवर फार श्रद्धा नको. २०१० ते २०१९ मध्ये सौरऊर्जेचा प्रति एकक खर्च ८५ टक्के उतरला, लिथियम-आयन बॅटऱ्यांचाही तेवढाच, हे आयपीसीसीच सांगते. कित्येक जुन्या सिनॅरिओंमध्ये सौर महागच राहिली आहे. सिनॅरिओ कुठल्या सालचा ते बघून घ्या.

धागाकर्ती

मेले. ओळ अकरा, रकाना 'ड', एकक 'गिगाटन' एवढंच लिहिलंय, कशाचे ते नाही. असे आणखी सहा आकडे सापडले आहेत, त्यातले दोन आलेखातही गेलेत. आज रात्री तेच.

तेवढ्यात एक विचारून घेते: जुन्या पेपरात मिथेनचा गुणक (एक टन मिथेन किती टन कार्बन डायऑक्साइडइतका धरायचा तो आकडा) २१ आहे, एकात २५, नव्यात २८. तीन वेगवेगळे पेपर एका आलेखात बसवायचे तर जुन्यांना नव्या गुणकाने परत गुणू का?

प्रतिसाद: मूकवाचक

मिथेनचे टन वेगळे दिले असतील तर गुणा. नुसती 'समतुल्य' बेरीज (सगळे वायू कार्बन डायऑक्साइडमध्ये बदलून केलेली) दिली असेल तर त्यातून मिथेन वेगळा काढता येत नाही, तो पेपर आलेखाबाहेर ठेवा आणि तळटीप द्या. आणि गुणक शंभर वर्षांचा की वीस वर्षांचा तेही बघा. वीस वर्षांचा ऐंशीच्या वर जातो.

धागाकर्ती

बघितलं. एकात वीस वर्षांचाच आहे. तळटीप लिहायला घेते.